तिचं नाव कोणत्या वहीत?

(बुलढाणा जिल्ह्यातील महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे संपादित रूप)



बोलायला सुरुवात करण्याआधी एक काम करू. आज तुम्ही ज्या गावात राहता, त्याच गावात ज्यांचा जन्म झाला, त्यांनी हात वर करा. मोजूया. सहा. एवढ्या भरल्या मांडवात सहाच हात! म्हणजे बाकीच्या आपण सगळ्या स्थलांतरित आहोत. कुणी मेहकरहून चिखलीला आली, कुणी जाफराबादहून देऊळगाव राजाला, कुणी घाटाखालच्या नांदुऱ्याहून घाटावर. पण आपण स्वतःला स्थलांतरित म्हणवत नाही. आपण म्हणतो, सासरी आलो.

सरकारही तसंच म्हणतं. २०२०-२१ च्या श्रमबळ पाहणीनुसार देशातल्या दर शंभर बायांमागे जवळजवळ ४८ जणी स्थलांतरित होत्या. पुरुषांमध्ये हे प्रमाण शंभरात ११ च्याही आत होतं. आणि या स्थलांतरित बायांपैकी ८६.८ टक्के जणींच्या नावापुढे कारण लिहिलेलं होतं : लग्न. झालं, विषय संपला. लग्नानंतर तिथं जाऊन ती काय करते, निंदायला जाते की वीटभट्टीवर जाते की ऊस तोडते, हे त्या रकान्यात मावत नाही.

मला आज दिलेला विषय मोठा आहे : प्रादेशिक राजकारण, मजुरांचं स्थलांतर आणि देशाचा विकास. एम.एस.डब्ल्यू. करताना आम्ही हे शिकलो. माणसाला गावातून ढकलणारी कारणं कोणती, शहराकडे ओढणारी कारणं कोणती, त्यांचे तक्ते पाठ केले. पण त्या तक्त्यातला मजूर नेहमी 'तो' असायचा. 'ती' मला भेटली नंतर, आणि तीही माझ्या चुकीमुळे. ती चूक आधी सांगते.

काही वर्षांपूर्वी मी सिंदखेड राजा तालुक्यातल्या एका गावात बचत गटाचं काम बघत होते. गटाचा नियम होता, लागोपाठ तीन सभांना गैरहजर राहिलं की नाव कमी. एका बाईच्या नावापुढे डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, तिन्ही महिने 'गैरहजर'. मी लाल पेनानं रेघ मारली. मला वाटलं, शिस्त लागली पाहिजे. मे महिन्यात ती बाई आली, वही मागितली, बोट ठेवून म्हणाली, "ताई, माह्या नावावर ही रेघ काहून मारली?" मी म्हटलं, "तुम्ही सहा महिने आलाच नाहीत." ती म्हणाली, "कोयत्यावर होतो आम्ही. तिथं बिलात मालकाचं नाव, इथं तुमच्या वहीत लाल रेघ. मंग सहा महिने मी होती कुठं?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. आज मी जे बोलणार आहे ते सगळं या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी.

कोयता म्हणजे काय हे घाटावरच्या बायांना सांगायला नको, पण घाटाखालच्या मैत्रिणींसाठी सांगते. ऊसतोडीत कोयता म्हणजे हत्यार नव्हे. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादम दिवाळीच्या आधी उचल देतो ती कोयत्यावर, म्हणजे जोडीवर. ती उचल फेडायला कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर, अहिल्यानगर अशा पट्ट्यात जायचं. पहाटे उठायचं, कोपीत भाकरी थापायच्या, मग फडात. तो तोडतो, ती गोळा करते, मोळ्या बांधते, डोक्यावर मोळी घेऊन गाडीच्या शिडीवर चढते. रात्री-अपरात्री गाडी आली तर रात्रीच भरायची. परत आल्यावर चूल, पाणी, लेकरं तिचीच. एक दिवस काम चुकलं तर खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. पाळी असो, ताप असो, बाळंतपण जवळ आलेलं असो, खाडा तो खाडाच. आणि टनाचा हिशेब होतो तेव्हा पावती नवऱ्याच्या नावावर.

जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि कामगार संघटना यांच्यात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढवण्याचा करार झाला. चांगली गोष्ट आहे, लढून मिळालेली आहे. पण त्या वाढलेल्या दरातली अर्धी मजुरी तिच्या हातात, तिच्या नावानं पडावी, असं कलम कुठं आहे? आपल्या चळवळीनंही ते कधी मागितलं का?

या जोडीपद्धतीचा आणखी एक परिणाम आहे. एकट्या पोराला उचल कमी मिळते. म्हणून लवकर लग्न लावायचं, म्हणजे कोयता पुरा होतो. मुलीच्या बापालाही वाटतं, आपण सहा महिने बाहेर, वयात आलेली पोर कुणाच्या भरवशावर ठेवायची? आपण बालविवाहाविरुद्ध पथनाट्य करतो, त्यात हुंडा आणि रूढी दाखवतो. उचल दाखवत नाही. इथं लग्न हीच मजूरभरती आहे. सरकारी पाहणीत मात्र या पोरीच्या नावापुढे काय लिहिलं जाईल? लग्न.

शरीराचं काय होतं तेही आपण जाणतो. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे बीड जिल्ह्याचे आकडे आले. ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. दुसऱ्या जिल्ह्यातली मोजदाद ऐकून आपण हळहळलो. आपल्या जिल्ह्यातल्या किती गावांत आपण घरोघर जाऊन असं विचारलं?

आता ही माणसं जातात का? आळशी आहेत म्हणून गावात काम करत नाहीत, असं म्हणणारे पुढारी आपल्याकडे कमी नाहीत. घाटावर बघा. कोरडवाहू जमीन, ज्वारी गेली, कपाशी कमी झाली, सोयाबीन आलं. सोयाबीन सोंगलं की दिवाळीनंतर शिवार मोकळं. पूर्वी निंदण-खुरपण हे बायांचं हक्काचं काम होतं, महिना-दीड महिना हाताला काम असायचं. तणनाशकाची फवारणी आली आणि ते काम गेलं. सोंगणी उरली होती, तिथंही आता हार्वेस्टर फिरतो. फवारणी आणि यंत्र पुरुषाच्या हातात गेलं आणि बायांची मजुरी कमी झाली, याची चर्चा कृषी मेळाव्यात होत नाही. घाटाखाली पूर्णेच्या काठचा खारपाण पट्टा आहे. विहीर खोदली तरी पाणी खारं, ओलित होत नाही. सातपुड्याच्या पायथ्याला जळगाव जामोद, संग्रामपूरकडे आदिवासी वस्त्यांची तीच गत. मग कुणी मलकापूर-नांदुऱ्याहून गाडीत बसून सुरतेला, मुंबईला. कुणी पुण्याला बांधकामावर. कुणी जालन्याला, संभाजीनगरला कारखान्यात. कुणी वीटभट्टीवर, कुणी कोयत्यावर.

इथं प्रादेशिक राजकारण येतं. विदर्भाचा अनुशेष हा शब्द आपण लहानपणापासून ऐकतो. १९५३ च्या नागपूर कराराची आश्वासनं, १९६० चं संयुक्त महाराष्ट्र राज्य, मग १९८४ चा दांडेकर समितीचा अहवाल. त्या समितीनं राज्याचा अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी रुपये काढला आणि त्यातला ३९ टक्के विदर्भाचा होता. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळं आली. पुढे सिंचनाचा बाकीच्या जिल्ह्यांचा अनुशेष भरत गेला, तरी अमरावती, अकोला, वाशीम आणि आपला बुलढाणा या चार जिल्ह्यांचा शिल्लकच राहिला. २०१३ मध्ये केळकर समितीचा अहवाल आला. एप्रिल २०२० मध्ये विकास मंडळांची मुदतच संपली. नांदुरा तालुक्यातल्या जिगाव प्रकल्पाची वाट बघत एक पिढी म्हातारी झाली. खामगाव-जालना रेल्वेची मागणी तर शंभर वर्षांहून जुनी आहे.

मी अनुशेषाच्या लढ्याच्या विरोधात नाही. पाणी जिथं अडलं तिथं ऊस झाला, आणि जिथं अडलं नाही तिथली माणसं तो ऊस तोडायला गेली, इतका हा सरळ संबंध आहे. घरचंच उदाहरण बघा. दुसरबीडचा जिजामाता सहकारी साखर कारखाना बंद पडला, आणि त्याच सिंदखेड राजा तालुक्यातल्या टोळ्या दुसऱ्यांच्या कारखान्यांचा ऊस तोडायला जातात. कारखान्याला नाव जिजाऊंचं, तालुका जिजाऊंच्या माहेरचा, दर १२ जानेवारीला तिथं लाखोंची गर्दी होते. त्या दिवशी तालुक्यातल्या किती तरी लेकी कोपीत असतात. माझं म्हणणं एवढंच, की अनुशेष मोजताना आपण हेक्टर मोजले, कोटी मोजले, किलोमीटर मोजले. त्या अनुशेषापायी बायांच्या अंगावर किती काम वाढलं, ते कुणी मोजलं नाही. वेगळा विदर्भ मागणाऱ्यांनी नाही आणि अखंड महाराष्ट्र म्हणणाऱ्यांनीही नाही.

दुसरं प्रादेशिक राजकारण भूमिपुत्रांचं. १९६६ पासून मुंबईत ते चाललं, २००८ मध्ये रेल्वेच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय मुलांना मारहाण झाली तेव्हा आपण ते पुन्हा पाहिलं. आपला जिल्हा स्वतः माणसं बाहेर पाठवणारा, तरी परप्रांतीयांविरुद्धच्या भाषणांना इथंही टाळ्या पडतात. आपल्याला वाटतं, आपली माणसं पुण्या-मुंबईला जातात ती मराठी आहेत, त्यांना कोण हात लावणार? पण कायदा काय म्हणतो ते बघा. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा हा राज्याची सीमा ओलांडून, ठेकेदारामार्फत येणाऱ्यांसाठी होता. बिहारहून आलेल्या मजुराला कागदावर का होईना प्रवासभत्ता होता, नोंदणी होती. लोणारहून सांगलीला जाणारी बाई? तिनं चार-पाचशे किलोमीटर अंतर ओलांडलं, पण राज्याची सीमा ओलांडली नाही. म्हणून त्या कायद्याच्या लेखी ती कुठं गेलीच नाही. तो कायदा आता नव्या श्रमसंहितेत विलीन झाला आहे आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही संहिता लागू झाल्या. व्याख्या थोडी रुंद झाली, स्वतःहून आलेला मजूरही त्यात धरला. पण शब्द 'आंतरराज्य' हाच राहिला. आपल्याच राज्यात परकी झालेली बाई अजून बाहेरच आहे.

आणि जे आपल्याकडे येतात त्यांचं काय? समृद्धी महामार्ग आपल्या मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा तालुक्यांतून जातो. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाला. देशाच्या प्रगतीचं चित्र म्हणून तो दाखवला जातो. २० ऑगस्ट २०२१ रोजी याच महामार्गाच्या कामावरचे मजूर लोखंडी सळयांनी भरलेल्या टिप्परवर बसून चालले होते. सिंदखेड राजा तालुक्यात तढेगावजवळ टिप्पर उलटला आणि १३ मजूर सळयांखाली गेले. बहुतेक परराज्यातले. २ ऑक्टोबर २०२३ ला नांदुरा तालुक्यात वडनेर भोलजीजवळ रस्त्याच्या कामावरचे मजूर रस्त्याकडेच्या शेडमध्ये झोपले असताना अंगावर ट्रक आला. ते मेळघाटातले होते. आणि १ जुलै २०२३ च्या रात्री नागपूरहून पुण्याला जाणारी बस पिंपळखुट्याजवळ पेटली, २५ माणसं गेली. त्यात शिक्षणासाठी, नोकरीसाठी पुण्याला निघालेली विदर्भातली मुलं-मुली होती. बांधणारे मजूर बाहेरून आलेले, आणि त्यावरून जाणारी मुलं विदर्भाबाहेर चाललेली. आपल्या वाट्याला काय आलं, हा प्रश्न विचारायला हवा.

त्याआधी २०२० च्या टाळेबंदीत मलकापूर-खामगावच्या हमरस्त्यावरून चालत गेलेली माणसं तुम्ही पाहिलीत, भाकरी दिल्यात. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मध्य प्रदेशातले मजूर घरी निघाले आणि ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळावर झोपेतच त्यांतले १६ जण मालगाडीखाली आले. तेव्हा सगळा देश म्हणाला, 'एवढे मजूर होते आपल्यात?' होते. मोजलेले नव्हते.

आता विकासाचा हिशेब. देशाच्या एकूण उत्पन्नात महाराष्ट्राचा वाटा सुमारे १३-१४ टक्के सांगतात. त्याच महाराष्ट्रात दरडोई उत्पन्नात बुलढाणा तळाच्या जिल्ह्यांमध्ये आहे, मुंबईच्या निम्म्यालाही पोचत नाही. अर्थतज्ज्ञ म्हणतात, स्थलांतर वाढलं की विकास वाढतो. २०१६-१७ च्या केंद्राच्या आर्थिक पाहणीत हीच मांडणी होती. मला अर्थशास्त्र त्यांच्याएवढं कळत नाही, पण घर कळतं. मजूर वाढवायला लागतात पंधरा-वीस वर्षं. तो खर्च कोण करतं? गावातली आई. मजूर आजारी पडला, हात तुटला, म्हातारा झाला की कुठं परत येतो? गावातल्या बायकोकडे, सुनेकडे. शहर आणि कारखाना घेतात फक्त मधली कामाची वर्षं, आणि मजुरी देतात फक्त त्या दिवसांची. आधीचा आणि नंतरचा खर्च बाईच्या अंगावर. म्हणून मजूर स्वस्त पडतो. तिच्या फुकट कामावर विकासाचा आकडा चढतो आणि त्या आकड्यात ती नसते.

मतांच्या हिशेबात तरी असते का? २०२४ मध्ये गाळप हंगाम १५ नोव्हेंबरपासून ठरला आणि विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला. टोळ्या निघायची वेळ आणि मतदान एकाच आठवड्यात. जी माणसं मतदानाला गावात असतील याचीच खात्री नाही, त्यांच्या पाण्याचा, कामाचा प्रश्न कोण धसाला लावणार? त्याच वर्षी जुलैपासून लाडकी बहीण योजनेचे महिना १,५०० रुपये सुरू झाले. बायांना त्या पैशांचा आधार झाला, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण बहीण म्हणून खात्यावर पैसे येतात, आणि मजूर म्हणून तिचं नाव कुठंच येत नाही, हे विसरू नका. भाऊबीज वेगळी आणि मजुरी वेगळी.

याच महाराष्ट्रानं बाईला मजूर म्हणून नोंदवणारी एक वही तयार केली होती. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी आली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. खडी फोडायला, पाझर तलावावर आपल्या आया-सासवा गेल्या, हजेरीपटावर त्यांचं स्वतःचं नाव होतं. २००५ मध्ये देशाचा कायदा झाला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं त्या जागी नवा कायदा संमत केला. दिवस १०० चे १२५ झाले, पण खर्चातला राज्याचा वाटा ४० टक्के झाला आणि शेतीच्या हंगामात ६० दिवसांपर्यंत काम बंद ठेवता येईल अशी तरतूद आली. आपल्याला बघायचं आहे ते एकच : दिवाळीनंतर, टोळ्या निघायच्या आधी, गावात काम निघतं की नाही. नोव्हेंबरात काम मिळालं नाही, तर एप्रिलातल्या कामाचा कोयत्यावर गेलेल्या बाईला काय उपयोग?

आता आपण काय करायचं? मागण्यांचे ठराव आपण पुष्कळ केले. मी आपल्या हातातल्या गोष्टी सांगते.

पहिली, आपल्या गटांचे नियम बदला. कामासाठी बाहेर गेलेली बाई गैरहजर नाही. तिच्यापुढे 'कामावर' असं लिहा, कुठं ते लिहा, कुठल्या मुकादमाबरोबर ते लिहा. दुसरी, दसऱ्याच्या आत गावाची जाण्याची यादी करा. कोण चाललं, किती वयाची, कुणाला दिवस गेलेत, किती लेकरं सोबत आहेत, उचल किती आणि कुणाच्या नावावर. ही यादी ग्रामसभेत वाचा. २०२१ मध्ये राज्य सरकारनं ग्रामसेवकामार्फत ऊसतोड कामगारांची नोंदणी करून ओळखपत्र द्यायचं ठरवलं आहे. ते नवऱ्याला वेगळं आणि बायकोला वेगळं मिळालं पाहिजे, हा आग्रह धरा. तिसरी, रेशन आता दुसऱ्या गावच्या दुकानातही घेता येतं, थोडं इथं थोडं तिथंही. हे जाण्याआधी प्रत्येकीला समजावून सांगा. चौथी, हंगामी वसतिगृहाची मागणी पोरं गेल्यावर नको, जाण्याआधी करा, म्हणजे मुली मागे राहतील आणि शिकतील.

पाचवी गोष्ट थोडी टोचेल. कापूस वेचायला मेळघाटातून, मध्य प्रदेशातून ज्या आदिवासी बाया आपल्या शिवारात येतात, त्यांच्याशी आपण कसं वागतो? आपल्यातल्या कित्येकींच्या घरी शेती आहे. त्यांचा कापूस काट्यावर नीट मोजला जातो का? रात्री त्या कुठं झोपतात, अंघोळीला आडोसा आहे का, लेकरू आजारी पडलं तर आपण दवाखान्यात नेतो का? सांगलीत आपल्या लेकीला जे मिळावं असं वाटतं, ते आपल्या बांधावर आलेल्या बाईला आधी द्यावं लागेल. नाहीतर मुकादमात आणि आपल्यात फरक काय राहिला?

त्या बाईचं नाव आम्ही वहीत पुन्हा लिहिलं. रेघ पुसता आली नाही, शाईची होती. म्हणून नव्या पानावर लिहिलं. गटाचा नियम बदलला. त्या हंगामानंतर त्याच गावातल्या अकरा जणींच्या नावापुढे 'कामावर' असं लिहिलेलं आहे. म्हणजे मी ज्या गटाला अनियमित समजत होते, त्यातल्या अकरा जणी सगळ्यांत जास्त राबत होत्या.

सहा महिने ती कुठं होती, हे जनगणना सांगेल, कायदा सांगेल, कारखाना सांगेल, तेव्हा सांगेल. आपल्या वहीत ते यंदाच्या दिवाळीआधी लिहिलेलं असलं पाहिजे. एवढंच सांगायला मी आले होते.